भावाची पायरी : नगर जिल्ह्यातील बाजाराचा एक इतिहास

बाजारात भाव पायऱ्यांनी चढतो आणि पायऱ्यांनीच उतरतो. एका बोलीवरची पुढची बोली पाच रुपयांनी वर असेल, पन्नासने असेल, बैलाच्या सौद्यात हजाराने असेल. मधल्या आकड्यांवर कोणी थांबत नाही. दोन पायऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचे, हा प्रश्न शेअर आणि वायद्याच्या बाजारात ‘ग्रिड ट्रेडिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा गाभा आहे. या पद्धतीत व्यापारी चालू भावाच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर रेघा आखतो, भाव खालच्या रेघेवर आला की थोडा माल घेतो आणि एक रेघ वर गेला की तेवढाच विकतो. रेघा फार जवळ आखल्या तर नफा दलालीत जातो. फार लांब आखल्या तर भाव मधल्या मध्ये घुटमळतो आणि सौदाच होत नाही. नाव नवे असले तरी हिशेब जुना आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजारपेठांत तो निदान दीड-दोनशे वर्षे मांडला जात आहे. आधी नाण्यांनी आणि मापांनी, मग उपरण्याखालच्या बोटांनी, मग बाजार समितीच्या लिलावाने, आणि आज दूध संकलन केंद्रावरच्या यंत्राने.

जुन्या व्यवहारात पायरीची रुंदी नाण्याने ठरे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेराचेही सोळा छटाक आणि मणाचे चाळीस शेर. या आकड्यांची सांगड अशी होती, की शेराला जितके रुपये तितकेच छटाकाला आणे; आणि मणाला जितके रुपये तितकेच अडीच शेराला आणे. पाटी-पेन्सिल न घेता दुकानदार हिशेब करू शके तो याच्या जोरावर. पंतोजींच्या शाळेत पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत, त्यामागचे कारण हेच होते. ज्याला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा येत नाही, तो आडत्याच्या गादीवर बसण्याच्या लायकीचा नव्हे असे मानले जाई, आणि ते फारसे चुकीचेही नव्हते.

मापांची उतरंडही निम्म्यानिम्म्याने होती. शेर, अच्छेर, पावशेर, आतपाव, छटाक. प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या निम्मी. घाऊक व्यापारात पल्ला चाले. ऐंशी तोळ्यांच्या शेराने १२० शेर, म्हणजे तीन मण, आजच्या हिशेबाने सुमारे ११२ किलो. गूळ, कांदा, धान्य यांचे मोठे सौदे पल्ल्यावर आणि खंडीवर होत. गावचा शेर आणि तालुक्याचा शेर नेहमी सारखा नसे, ही अडचण वेगळीच.

धान्याचा भाव सांगण्याची तऱ्हा मात्र आजच्या उलट होती. ज्वारी ‘अमुक रुपये मण’ असे सांगण्याऐवजी ‘रुपयाला अमुक शेर’ असे सांगत. ब्रिटिश काळातील भावांचे तक्तेही बहुतेक याच पद्धतीने छापलेले दिसतात. वरवर पाहता दोन्ही एकच. पण पायऱ्यांच्या अंगाने पाहिले तर फरक मोठा पडतो. रुपयाला वीस शेरांची ज्वारी एकोणीस शेरांवर आली, तर महागाई झाली पाच टक्क्यांची. आठावरून सातावर आली, तर ती झाली चौदा टक्क्यांची. चारावरून तिनावर आली, तर तेहेतीस टक्क्यांची. तोंडाने प्रत्येक वेळी ‘एक शेर कमी झाला’ एवढेच म्हटले जाई. स्वस्ताईत ही पायरी बुटकी असे आणि दुष्काळात तीच कंबरेएवढी उंच होई. १८७६-७७ आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळून निघाला. त्या काळात एकेक शेर कमी होण्याचा अर्थ मजुरी करणाऱ्याच्या घरात काय होत असेल, हे या गणितावरून कळते. भाव सारख्या शेरांनी बदलत होता, पण भाकरी सारख्या प्रमाणात कमी होत नव्हती.

सावकारीत मात्र पायऱ्या प्रमाणाच्या होत्या. पेरणीला दिलेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिडीने परत घ्यायचे, म्हणजे चार पायल्यांच्या पाच किंवा सहा. यात धान्य थोडे असो वा फार, वाढ त्याच्या हिश्शाने होते. सारख्या आकड्याची पायरी आणि सारख्या प्रमाणाची पायरी, हे ग्रिड आखणाऱ्यापुढचे आजचे दोन मुख्य पर्याय. नगरच्या वाण्याला दोन्ही ठाऊक होते. विकताना तो आण्याने चढे आणि उसने देताना सवाईने. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचे भाव भडकले, त्या तेजीच्या भरवशावर दख्खनमध्ये कर्जे वाढली आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले. भाव उतरला आण्या-आण्याने, कर्ज मात्र सवाई-दिडीने फुगत राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा खतपत्रांवर अधिक होता. सावकाराच्या घरातले कर्जरोखे काढून जाळणे हे मुख्य काम. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला तो त्यातूनच.

जिल्ह्याच्या पूर्व कडेला आणखी एक गुंता होता. जामखेड आणि शेवगावच्या पलीकडे निजामाची हद्द लागे आणि तिथे हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे ढोबळ मानाने सहा कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपये. हाली रुपयालाही आणे सोळाच, पण दोन शिड्यांच्या पायऱ्या कुठेच जुळत नसत. सीमेवरच्या बाजारात माल एका शिडीवर घ्यायचा आणि दुसरीवर विकायचा, आणि मधला बट्टा खिशात घालायचा, हा स्वतंत्र धंदाच होता.

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. नगरच्या आडते बाजारात, दाळमंडईत आणि स्टेशनांजवळ नव्याने वाढलेल्या पेठांत माल साठू लागला. मुंबईचा भाव आता उशिरा येणारी वार्ता राहिला नाही. पुढे गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता, बेलापूर या पट्ट्यात ऊस आणला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. उसाबरोबर गूळ आला आणि गुळाबरोबर ढेपेचा रंग पाहून भाव करणारे दलाल आले. पिवळी धमक ढेप एका भावाची, तांबूस दुसऱ्या, काळपट तिसऱ्या. रंगातला बारीक फरक आणि भावातली अख्खी पायरी, अशी ही विभागणी होती, आणि ढेप कोणत्या रंगाची हे ठरवणारा डोळा शेतकऱ्याचा नव्हता.

हे भाव ठरत कसे? बहुतेक ठिकाणी उपरण्याखाली. या पद्धतीला बाजाराच्या भाषेत ‘हत्ता’ म्हणतात. दलाल हातावर उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकतो, खरेदीदार त्याखाली आपला हात घालतो आणि बोटे धरून आकडा सांगतो. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. पुढचे आकडे दोनदा धरून. शेकडा धरायचा की हजार, हे आधीच्या बोलण्यात येऊन गेलेले असते. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, ही यातली खरी कला. डोळे बैलाच्या खांद्याकडे, तोंडात तंबाखू, आणि फडक्याखाली बोटांची झटापट. एक खरेदीदार हात काढतो, दुसरा घालतो. मालाचा धनी दोन पावलांवर उभा असतो आणि फडक्याची हालचाल तेवढी त्याला दिसते.

तोंडी बोलायची वेळ आलीच तर दलालांची स्वतःची संख्यावाचक बोली होती. एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू. मराठीच्या जुन्या कोशांत सराफ आणि दलालांचे म्हणून हे शब्द नोंदलेले आढळतात. गिऱ्हाइकासमोर ‘पोकूला सोड’ म्हटले तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये, हा त्याचा उपयोग.

हत्त्याच्या बाजूने बोलणारे म्हणत, की उघड बोलीत माणसे ईर्ष्येला पेटतात आणि एकमेकांची पत काढतात. फडक्याखाली सौदा शांतपणे होतो. यात तथ्य अगदीच नाही असे नाही. पण पायऱ्यांच्या दृष्टीने या पद्धतीत एक मूलभूत खोट होती. बोटांनी सांगितलेला आकडा ढोबळच असणार. दोन आकड्यांमधला अर्धा-पाव सांगायचा तर बोलावे लागते, आणि बोलायचे नाही हाच तर नियम. त्यामुळे हत्त्याचा भाव गोल आकड्यांवर अडे. शिवाय कोणी किती बोटे धरली हे फक्त दलालाला ठाऊक. वरची बोली आणि खालची बोली यांत किती पायऱ्यांचे अंतर होते, ते दुसऱ्या कोणाला मोजता येत नसे. तेवढ्या अंधाऱ्या जागेत दलालाचे पोट भरत असे.

नियंत्रित बाजाराची कल्पना महाराष्ट्रात आधी कापसासाठी आली. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि १९३९ साली मुंबई इलाख्याचा शेतीमाल बाजार कायदा मंजूर झाला. त्याची जागा पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने आणि १९६७ च्या नियमांनी घेतली. बाजार समितीच्या आवारात भाव उघड लिलावाने किंवा टेंडरने ठरला पाहिजे, हे बंधन त्यातले. कागदावर एका ओळीचा बदल होता, पण त्याने फडके निघाले. जनावरांच्या बाजारात मात्र ते पुरते निघाले नाही. घोडेगाव, काष्टी, लोणी ही जिल्ह्यातली जनावरांच्या बाजाराची नावाजलेली ठिकाणे; महाराष्ट्रात अशा बाजारांतून उपरण्याच्या जागी टॉवेल आला आहे आणि बोटे अजून बोलतात. बैल हा प्रत्येक वेळी वेगळा माल असतो, त्याचा ढीग लावता येत नाही आणि त्याला नंबर देता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

उघड लिलाव रुळत होता त्याच सुमारास पायऱ्यांचे मापच बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना आणा नव्या पैशांत सव्वासहाचा. पाव पैसा तर नाण्यात नाही. मग सरकारी तक्त्याने एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठरवले. म्हणजे पहिली पायरी सहाची, दुसरी सहाची, तिसरी सातची, चौथी पुन्हा सहाची. आजवर एकसारख्या असलेल्या पायऱ्या कागदोपत्री लंगड्या झाल्या. एकेक आण्याची तीन वेगवेगळी गिऱ्हाइके केली तर अठरा पैसे आणि एकदम तीन आण्यांचा माल दिला तर एकोणीस, अशी गंमत काउंटरवर घडू लागली. पावली आणि अधेली मात्र पंचवीस आणि पन्नास अशा तंतोतंत बसल्या, म्हणून चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द जिभेवर टिकले आणि एक आणा, तीन आणे विरून गेले.

पाठोपाठ वजने बदलली. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली आणि १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मण-शेर कायद्याने बाद झाले. घाऊक भाव क्विंटलवर आला. चाळीस शेरांचा मण ३७.३२ किलोचा, तेव्हा मणामागे चार आण्यांची जी बोली होती ती क्विंटलला ६७ पैशांची झाली. असा आकडा कोण पुकारणार? लोक सरळ रुपयावर गेले. क्विंटलला एक रुपया म्हणजे मणाला सुमारे सहा आणे. एकेकाळी दोन किंवा चार आण्यांनी चढणारी बोली सहा आण्यांनी चढू लागली; पायरी रुंदावली, आणि ती कोणी ठरवून रुंदावली नव्हती. मोजमापाची पद्धत बदलली की बोलीचा टप्पा आपोआप बदलतो, याचा हा चांगला नमुना आहे. पुढे महागाईने रुपयाचीच किंमत इतकी घटवली, की टप्पा पाचावर, मग दहावर गेला.

आजच्या नगर बाजार समितीचा कांदा नेप्ती उपबाजारात उतरतो. लासलगावला ट्रॉलीतला मोकळा कांदा प्रसिद्ध आहे, नगरला गोणी. गाळ्यांसमोर गोण्यांच्या थप्प्या लागतात. एका शेतकऱ्याच्या एका प्रतीच्या मालाचे एक वक्कल. लिलावाच्या वेळी गोणी फोडून कांदा खाली ओततात, कोणी एखादा उचलून दाबून पाहतो, कोणी साल चोळतो, आणि खरेदीदारांचा घोळका एका वक्कलावरून दुसऱ्याकडे सरकत जातो. पुकारा पहिल्यांदा मोठ्या उड्या घेतो. गिऱ्हाइके गळू लागली की उड्या आखूड होतात, आणि शेवटी दोघेच उरले की दहा-पाचवर घासाघीस चालते. ग्रिड आखणारा आपल्या रेघा आधी आखून ठेवतो. लिलावाच्या रेघा माणसांच्या संख्येवर जागच्या जागी आखल्या जातात. एकाच वक्कलावर पन्नासचा टप्पा आणि पाचचा टप्पा अर्ध्या मिनिटात दिसतो. मुहूर्ताच्या लिलावाला मात्र हे गणित बाजूला राहते. तिथे भाव ११११ किंवा २५५१ अशा शकुनाच्या आकड्यावर जाऊन थांबतो, आणि वरचा तो एक रुपया कुठल्याच पायरीचा नसतो.

नगरचा कांदा भाव वर्तमानपत्रात छापतात तो नंबरवार. एक नंबर गावरान कांदा समजा १५०० ते २०००, दोन नंबर १००० ते १५००, तीन नंबर ५०० ते १०००, चार नंबर २०० ते ५००. जिथे एका नंबरचा पट्टा संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. ही घडवंची सोयीची आहे खरी, पण तिच्यात एक खाच आहे. दोन नंबरच्या वरच्या टोकाचा कांदा आणि एक नंबरच्या खालच्या टोकाचा कांदा बहुधा एकाच शेतातला, एकाच आकाराचा असतो. घरी निवडताना कोणती गोणी कोणत्या थप्पीला लावली, यावर पाचशेचा पट्टा बदलतो. म्हणून जाणते शेतकरी माल काढण्याइतकाच वेळ निवडीला देतात. लहान गोल्टी बाजूला, जुळा ‘जोड’ बाजूला, अगदी बारीक चिंगळी बाजूला. चार मोठ्यांत एक जोड कांदा राहिला, तर खरेदीदाराचे बोट नेमके त्यावरच पडते.

खरी आखणी मात्र लिलावात होत नाही. ती कांदाचाळीत होते. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत भरला जातो. तो एकदम विकायचा की थोडा थोडा, आणि कोणत्या भावाला किती, हा निर्णय शेतकरी तेव्हा मनात करून ठेवतो. पहिला हप्ता उसनवारी फेडायला, मिळेल त्या भावाला. पुढचा भाव दोनशेने चढल्यावर. त्यापुढचा पोळ्याच्या आसपास. हे ग्रिडच, एका दिशेचे. पण यात शेअरमध्ये नसलेली एक गोष्ट आहे : कांदा सुकतो, सडतो, मोड येतात. चाळीत चार-साडेचार महिने गेले की वजनाचा चौथा हिस्सा जाणे नवलाचे नाही, कधी तिसरा जातो. शंभर क्विंटलचे पंचाहत्तर झाले, तर तेवढेच पैसे हातात येण्यासाठी भाव सवाई होऊन भागत नाही. तो एक-तृतीयांशाने वाढावा लागतो. एप्रिलच्या हजाराची बरोबरी सप्टेंबरच्या १२५० ला होत नाही, १३३३ ला होते. म्हणून पायऱ्या समान अंतराच्या ठेवल्या तर वरच्या पायऱ्यांवर उभे राहणारा शेतकरी भाव वाढूनही तोट्यात जाऊ शकतो. अनुभवी माणूस वरची पायरी खालच्यापेक्षा रुंद धरतो, मग त्याने प्रमाणाचे सूत्र कधी लिहिलेले असो वा नसो.

व्यापाऱ्याचेही तेच. समजा हजार ते दोन हजारांच्या दरम्यान शंभर-शंभरच्या अंतराने घेणे-विकणे करायचे ठरवले. हजारापाशी ही पायरी दहा टक्क्यांची पडते, दोन हजारापाशी जेमतेम पाच टक्क्यांची. हमाली, तोलाई, वाराई, बारदान, भाडे आणि घट मिळून खर्च सहा टक्के येत असेल, तर खालच्या पायऱ्यांवर चार टक्के सुटतात आणि वरच्या पायऱ्यांवर पदरचे जातात. त्याऐवजी प्रत्येक पायरी दहा टक्क्यांची धरली, तर १०००, ११००, १२१०, १३३१, १४६४, १६११, १७७२, १९४९ असा चढ मिळतो. पायऱ्या कमी, पण प्रत्येकीवर सुटणारा हिस्सा तेवढाच. आडत कोणाच्या माथी बसते यावरही पायरीची रुंदी अवलंबून राहते. भाजीपाला आणि फळांवरची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा बदल राज्यात २०१६ साली झाला. खर्च नाहीसा झाला नाही, पण हिशेबपट्टीतून उतरून तो खरेदीदाराच्या मनातल्या पायरीत शिरला.

आखलेल्या रेघा एका फटक्यात ओलांडल्या जातात तेव्हा ग्रिड कोलमडते, आणि कांद्यात हा फटका बहुधा दिल्लीहून येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेले. अशा घोषणेनंतरच्या लिलावात भाव एकेक पायरी उतरत नाही. कालच्या आणि आजच्या बोलीत मधल्या चार-पाच पायऱ्यांवर कोणी उभेच नसते. ज्याने त्या मधल्या पायऱ्यांवर विकायचे ठरवून माल ठेवला होता, त्याला विकायची संधीच मिळत नाही.

उसात लिलाव नाही, तरी पायऱ्या आहेत. आशियातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घातला, त्या जिल्ह्यात उसाचा भाव आज उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, बांधलेला आहे. २००९-१० पासून केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, आणि त्याखाली तेवढेच कमी. साडेनऊ टक्क्यांखाली मात्र उतरण थांबते आणि दर ३२९.०५ वर गोठतो. ३५५ ला १०.२५ ने भागून दहावा हिस्सा घेतला की नेमके ३.४६ येतात, म्हणजे पायरीची रुंदी मनाने ठरवलेली नाही, ती मूळ दरातूनच निघते. अशी स्वच्छ आखणी बाजारात फार क्वचित पाहायला मिळते. भांडण होते ते पायरीवरून नाही, उतारा कोणी मोजला आणि उसाचे पैसे कधी मिळाले यावरून.

दुधाची गोष्ट उलट आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) या गुणप्रतीला धरून ठरतो. त्यावर-खाली ०.१ चा फरक म्हणजे एक पॉइंट, आणि पॉइंटमागे काही पैसे वाढ किंवा कपात. सकाळी संकलन केंद्रावर किटली आली, की नमुना यंत्राखाली जातो, लाल आकडे झळकतात आणि चिठ्ठी निघते. ८.५ च्या जागी ८.३ आले की दोन पायऱ्या खाली. २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने या गुणप्रतीला लिटरमागे ३४ रुपये दर ठरवून दिला. त्यानंतर शेतकरी संघटनांची तक्रार अशी होती, की वरचा दर कायम दाखवून खाली उतरताना पॉइंटमागची कपात मात्र वाढवली जाते. चढताना पायरी बुटकी आणि उतरताना उंच. अकोले तालुक्यात यावरून आंदोलने झाली. जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान देताना सरकारने पॉइंटची वाढ आणि घट दोन्हीकडे ३० पैशांची सारखी ठेवायला सांगितले, ते या वादाच्या पार्श्वभूमीवर. दर किती हा प्रश्न वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो. पॉइंटमागे किती कापले, हे मथळ्यात येत नाही, पण गोठ्याचा महिन्याचा हिशेब त्यावर फिरतो.

पायरी रुंद ठेवण्यात मध्यस्थाचा फायदा असतो, हे जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांनाही सुटलेले नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात कित्येक दशके भाव डॉलरच्या आठव्या हिश्शाने बदलत, म्हणजे आपल्या दोन आण्यांनी. १९९४ साली विल्यम क्रिस्टी आणि पॉल शुल्झ या अभ्यासकांनी नॅसडॅकवरचे मोठ्या उलाढालीचे शंभर शेअर तपासले, तेव्हा त्यांतल्या सत्तर शेअरांच्या भावात एक अष्टमांश, तीन अष्टमांश असे विषम हिस्से जवळजवळ कुठेच दिसले नाहीत. दलाल जणू एक आड एक पायरी वगळून चालत होते, आणि दोन आण्यांची पायरी व्यवहारात चार आण्यांची झाली होती. फडके नव्हते, तरी हत्त्याचा परिणाम साधला होता. १९९७ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार सोळाव्या हिश्शावर, म्हणजे चक्क एका आण्यावर आला आणि २००१ साली सेंटवर. भारताने आणा सोडला त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

राष्ट्रीय शेअरबाजारात बरीच वर्षे पायरी सरसकट पाच पैशांची होती. पन्नास रुपयांच्या शेअरलाही पाच पैसे आणि पन्नास हजारांच्या शेअरलाही तेवढेच. जून २०२४ पासून अडीचशे रुपयांखालच्या शेअरांना एक पैशाची पायरी मिळाली. एप्रिल २०२५ पासून वरच्या भावांसाठी ती वाढत जाणारी केली गेली : हजारापर्यंत पाच पैसे, पाच हजारांपर्यंत दहा, दहा हजारांपर्यंत पन्नास पैसे, वीस हजारांपर्यंत एक रुपया आणि त्यावर पाच रुपये. नगरमध्ये मोबाइलवर ग्रिड लावून बसलेल्या तरुणाला आपल्या रेघा आता या पायऱ्यांच्या पटीतच आखाव्या लागतात. काष्टीच्या बाजारात शेळीचा सौदा शंभरने आणि बैलजोडीचा हजाराने चढतो, त्याच बेताची ही आखणी आहे.